जेवल्यावरच

बिस्किटांच्या गोल पत्र्याच्या डब्यात, शिवणाच्या रिळांखाली, अडतीस गोळ्या होत्या. दहा-दहाची तीन अख्खी पाकिटं, एकही न फोडलेलं. आणि कात्रीनं चौकोनी कापून वेगळ्या केलेल्या आठ सुट्या गोळ्या, प्रत्येक आपापल्या चंदेरी कागदात. दीक्षानं त्या फरशीवर ओळीनं मांडून तीनदा मोजल्या. तिसऱ्यांदाही अडतीसच.

खरं तर ती जूनचा रिपोर्ट शोधत होती. शुक्रवारी नांदेडला जायचं तर फाइल पूर्ण लागते, आणि आईचे कागद कुठे सापडतील याचा नेम नसतो. एकदा आधार कार्ड साबुदाण्याच्या बरणीत निघालं होतं. म्हणून डबा उघडला, तर हे.

गोळ्या आईच्या होत्या. चारशे मिलिग्रॅमच्या, तपकिरी, रोज एक. दर तीन महिन्यांनी दवाखान्यातून नव्वद मिळतात, मोजून. मोजून आणलेल्या नव्वदातल्या अडतीस डब्यात असतील, तर त्या पोटात गेलेल्या नाहीत. एवढी वजाबाकी करायला एम.एस्सी. लागत नाही. पण दीक्षा उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली.

तिनं आईला फोन लावला. फोन शेजारच्या खोलीत, चार्जिंगवर वाजला. आई शाळेत खिचडी शिजवायला गेली की फोन घरीच ठेवते; कढईच्या वाफेनं तो बंद पडतो, अशी तिची पक्की समजूत आहे.

चार वर्षांपूर्वी आईच्या, म्हणजे पद्माबाईंच्या, रक्तात पांढऱ्या पेशी एक लाख साठ हजार निघाल्या होत्या; रक्ताचा कॅन्सर. असाव्यात अकरा हजारांच्या आत. दीक्षा तेव्हा बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती, आणि नांदेडच्या डॉक्टर राजनंदिनी यांनी जे तिला पाच मिनिटांत सांगितलं, ते घरी समजावून द्यायला तिला दोन तास लागले. पेशीत कायनेज नावाची प्रथिनं असतात, ती म्हणाली. त्यांचं काम एकच. दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवायचा. तो चिकटला की पेशीला हुकूम पोचतो. काम झालं की कायनेज गप्प बसतं. पण आईच्या पेशींत नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले गेलेत, आणि त्या सांध्यावर एक नवंच कायनेज तयार झालंय. त्याला गप्प बसणं ठाऊकच नाही. वाढा, वाढा, असा एकच हुकूम ते देत सुटलंय.

प्रेमानंद, म्हणजे तिचे पप्पा, एसटी डेपोत मेकॅनिक. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे हॉर्न चिकटला."

"काय?"

"गाडीचा हॉर्न चिकटतो कधीकधी. बटणावरचा हात काढला तरी बोंबलतच राहतो."

"मग तुम्ही काय करता?"

"पॉइंटच्या मधी पुठ्ठ्याचा तुकडा सारायचा. तुकडा हाय तवर गप. काढला की पुन्हा बोंब."

गोळीचं काम याहून चांगलं तिला नंतर एकाही प्राध्यापकानं सांगितलं नाही. कायनेज ज्या खाचेतून फॉस्फेट उचलतं, त्या खाचेत गोळीचा रेणू जाऊन बसतो. पुठ्ठा. आहे तोवर गप्प.

चार वर्षं गप्प होतं. जूनच्या तपासणीत त्या बिघडलेल्या जनुकाचं, बीसीआर-एबीएलचं, रक्तातलं प्रमाण ०.०२ टक्के होतं. ऑक्टोबरचा रिपोर्ट शनिवारी आला, ०.८६. त्रेचाळीस पट. पेशींची साधी मोजणी मात्र अगदी व्यवस्थित होती, सात हजार दोनशे. ती दीक्षानंच केली होती, ती काम करते त्या लॅबमध्ये, आणि निश्चिंत झाली होती.

डॉक्टर राजनंदिनींनी शनिवारीच फोनवर सांगितलं, "दोन शक्यता. एक तर गोळ्या चुकल्यात, नाहीतर कायनेज बदललंय. आईला दे." मग स्पीकरवर विचारलं, "पद्माबाई, गोळ्या चुकतात का कधी?"

"न्हाई मॅडम," आईनं ठामपणे सांगितलं होतं. "एकबी चुकली न्हाई."

म्हणजे दुसरी शक्यता. शुक्रवारी रक्त घ्यायचं, मुंबईला पाठवायचं, कायनेज कुठे बदललंय ते पाहायचं, आणि त्याप्रमाणे दुसरी गोळी. दीक्षानं शनिवार-रविवार वाचून काढला होता. जनुकातलं एक अक्षर बदलतं. त्यानं तीनशे पंधराव्या जागेवरचं अमिनो आम्ल बदलतं. खाच जराशी अरुंद होते आणि पुठ्ठा आत सरकतच नाही. अशा वेळी दुसरी गोळीही बहुतेक चालत नाही. हे तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दोन दिवस ती ताटावर बसायची, भाकरीचे तुकडे करायची आणि उठायची. आई विचारायची, "काहून गं, भाजी खारट झाली का?"

आणि आता ह्या अडतीस.

तिनं डबा पिशवीत टाकला आणि स्कूटी काढली.

शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खिचडीचा वास भरला होता. पद्माबाई मोठ्या पातेल्यात झारा फिरवत होत्या, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला. दुसऱ्या चुलीजवळ ज्योतीमावशी मिरच्या चिरत होती. ती त्यांच्याच गल्लीतली. दोघी सकाळी शाळेत सोबत आणि संध्याकाळी विहारातही सोबत.

"आली बघ साहेबीण," ज्योतीमावशी म्हणाली. "काय गं, लोकांच्या अंगातलं रक्त सरलं का? दिवसाउजेडी लॅब सोडून?"

"माझी दुपारची पाळी आहे, मावशी. आई, जरा बाहेर ये."

"आधी लेकरं जेवू दे."

"आई, आत्ता."

"दीक्षा, दोनशे बारा लेकरं हाईत. तू एकटीच न्हाई." पद्माबाईंनी झारा थांबवला नाही.

मग दीक्षा थांबली. शेडच्या तोंडाशी उभी राहून तिनं ताटांच्या थप्प्या मोजल्या, कडुनिंबाखालच्या चपला मोजायला घेतल्या आणि मध्येच सोडून दिल्या. पोरं रांगेनं आली, वाढून घेऊन गेली. एकाला दोनदा हवी होती, एकाला मिरची नको होती. तिला वाटत होतं की प्रत्येक पोरगं मुद्दाम सावकाश चालतंय. शेवटचं ताट वाढून झालं तेव्हा साडेअकरा वाजले होते. तिनं डबा उघडून आईच्या समोर धरला.

"ह्या काय आहेत?"

"गोळ्या."

"कुणाच्या?"

"माझ्याच की. चोरून आणल्यात का?"

"आई, तू मॅडमला सांगितलंस की एकही चुकली नाही."

"न्हाईच चुकली."

"मग ह्या अडतीस कुठून आल्या?"

"ह्या काय चुकलेल्या हाईत व्हय?" पद्माबाईंना खरोखरच नवल वाटलं. "चुकली म्हंजे इसरली. मी एकबी इसरले न्हाई. ह्या ठरवून सोडल्या."

ज्योतीमावशी पातेलं घासायचं सोडून जवळ आली.

दीक्षानं खाली बसून घेतलं, पोत्यावर. "कशासाठी सोडल्या?"

"उपोसथाला. पौर्णिमा, अमावस्या, दोन अष्टम्या. यंदाच्या वर्षावासापासून, म्हंजे आषाढी पौर्णिमेपासून, अष्टशील पाळते की मी. बारा वाजल्यावर अन्न घ्यायचं न्हाई. मग रात्री जेवणच न्हाई तर गोळी कशी घेऊ?" त्यांनी सुट्या चौकोनांवर बोट ठेवलं. "ह्या आठ, पयल्या दोन महिन्यांतल्या. ज्या दिवशी सोडली त्या दिवशीची कापून ठेवायची. न्हाईतर पाकिटाची गिनती बिघडती."

"आणि ही तीन पाकिटं?"

"तो भादव्याच्या पौर्णिमेपासून पुढचा महिना. पुरा महिना अष्टशील धरलं ना यंदा."

"मीबी धरलं व्हतं," ज्योतीमावशी म्हणाली. "दोन दिवसांनी पोटात उंदीर नाचाया लागले, सोडलं. हिनं नेलं तडीला. भंतेजींनी समद्यांसमोर नाव घेतलं हिचं."

दीक्षाला तो महिना आठवला. ती लॅबमधून नऊला घरी यायची तेव्हा आई विहारातून आलेली असायची, पांढऱ्या साडीत, आणि पप्पांना आणि तिला वाढायची. स्वतः जेवायची नाही. आई रात्री जेवत नाही हे तिला माहीत होतं. गोळी रात्री जेवणानंतर असते हे तिला माहीत होतं. तीस रात्री दोन्ही गोष्टी एकाच ताटासमोर बसल्या होत्या आणि तिनं त्यांची ओळख करून दिली नव्हती.

"मला विचारायचं तरी, आई!"

"इचारलं की."

"कधी?"

"आषाढात. तू निघाली व्हतीस, दारात चपला घालून राहिली व्हतीस. मी म्हनलं, न जेवता गोळी घेतली तर चालंल का गं? तू म्हनलीस, अजिबात चालणार न्हाई. अन् तू तर लिवूनबी ठेवलंस."

हे दीक्षाला आठवलं नाही. पण 'अजिबात चालणार नाही' हे वाक्य तिचंच होतं, त्यात शंका नव्हती.

लिहून ठेवलेलंही होतं. चार वर्षांपूर्वी पहिल्या आठवड्यात आईनं गोळी सकाळी उपाशीपोटी घेतली, शाळेत आली, आणि खिचडीच्या वाफेत तिला तीन दिवस ओकाऱ्या झाल्या. म्हणून दीक्षानं वेळ रात्रीची केली आणि गोळ्यांच्या खोक्यावर कागद चिकटवला. तो कागद तिच्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा होता. *रोज १. रात्री जेवल्यावरच. मोठा पेलाभर पाणी.* 'जेवल्यावर' लिहून तिचं समाधान झालं नव्हतं, म्हणून पुढे एक अक्षर घातलं होतं, आणि त्या 'च'खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"मग फेकून का नाही दिल्यास?" तिनं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"औषध कुणी फेकतं का? तिथं रांगेत कितीतरी माणसं उभी असत्यात. परत नेऊन द्यायच्या व्हत्या, कुणाच्या तरी कामी येतील." पद्माबाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "काहून? त्याच्यानं बिघडलं का?"

"माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. तिनं तिथूनच, कडुनिंबाखालून, नांदेडला फोन लावला. डॉक्टर राजनंदिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"अडतीस? नीट मोजल्यास?"

"तीनदा."

"म्हणजे एक महिना अख्खा बंद, आणि त्याआधी अधूनमधून." पलीकडे थोडा वेळ कागदांचा आवाज येत राहिला. "एवढ्यानं आकडा चढू शकतो. कायनेज बदललंच असेल असं नाही. बदललं नसेलच असंही नाही. औषध नसताना त्या पेशी वाढल्यात, आणि वाढताना एखादं अक्षर चुकू शकतं."

"मग?"

"शुक्रवारी या. रक्त काढून ठेवते, मुंबईला सध्या पाठवत नाही. आजपासून रोज एक, एकही सुटता कामा नये. तीन महिन्यांनी आकडा उतरला तर पुठ्ठा बसतोय." हॉर्नची गोष्ट दीक्षानं त्यांना कधीतरी सांगितली होती. "नाही उतरला, तर गोळी बदलायची. आणि दीक्षा, चूक माझीही आहे. 'चुकतात का' असं विचारायला नको होतं. 'उरल्यात किती' असं विचारायचं असतं."

घरी रात्री वेगळाच पेच निघाला. पद्माबाई म्हणाल्या, गोळी घेईन, कबूल. भंतेजींनाही विचारून आले, औषधाला वेळेचं बंधन नाही. पण गोळीला जेवण लागतं, आणि उपोसथाच्या रात्री मी जेवणार नाही.

"महिन्यातून चार रात्री, आई! चार घास!"

"चार घास म्हंजे जेवणच झालं."

"तुझ्या जिवाचा प्रश्न आहे."

"माझ्या जिवाचा हाय म्हनूनच." त्यांनी भांडी विसळता विसळता सांगितलं. "चार वरस झाली, मी मेले न्हाई. मन नीट ठेवावं म्हनून धरलं ते. आता भ्याले म्हनून सोडू?"

प्रेमानंद दारात बसून पाने-पक्कड पुसत होते. ते म्हणाले, "तुमी दोघी एकाच गाडीवरून भांडून राहिल्या. रात्रीची फेरी दुपारी काढा की. शाळेत ती साडेअकराला जेवतेच. बाराच्या आत गोळी. अष्टशील बी जागेवर, जेवण बी जागेवर."

चार वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं, कारण चार वर्षांपूर्वी ओकाऱ्या झाल्या होत्या आणि वेळ ठरून गेली होती.

दीक्षानं नवा कागद घेतला. लिहिलं: *रोज १. दुपारी १२ च्या आत, जेवण झाल्यावर. जेवण झालं नाही तर मला फोन करायचा.* मग तिला स्वतःवरचा विश्वास पुरेना. ती कागद घेऊन ज्योतीमावशीकडे गेली आणि म्हणाली, "मावशी, हे वाच, आणि तुला काय समजलं ते सांग. मी काही बोलणार नाही."

ज्योतीमावशीनं वाचलं. "समजलं. जेवण न्हाई झालं अन् फोन न्हाई लागला, तर गोळी सोडायची."

दीक्षानं कागद फाडला. दुसऱ्यात लिहिलं, *गोळी कधीही सोडायची नाही.* मावशी म्हणाली, "उलटी होऊन पडली तर पुन्हा घ्यायची का?" तिसऱ्यात तेही आलं. चौथा कागद वाचून मावशीनं मान हलवली. "आता यातून वाट काढाया वकील लागंल." तोच खोक्यावर चिकटला. त्यात 'च' एकही नव्हता.

शुक्रवारी डॉक्टरांनी अडतीस गोळ्यांची मुदत तपासली, त्या जमेस धरून बाकीच्या दिल्या आणि एकूण नव्वद केल्या. पद्माबाई वाटेत म्हणाल्या, "म्हंजे परत घेतल्या न्हाईतच की."

मग तीन महिने. चौथ्या दिवशी आईला पातेल्याजवळ मळमळलं. ज्योतीमावशीनं तिला कडुनिंबाखाली पिटाळलं आणि उरलेली भांडी एकटीनं घासली. वीस मिनिटांनी मळमळ गेली. ओकारी झाली नाही. दीक्षानं ते वहीत लिहिलं. बारा वाजून पाच मिनिटांनी रोज मावशीचा मिस्ड कॉल यायचा, म्हणजे गोळी गेली. एक दिवस तो बारा वाजून चाळीसला आला, आणि त्या पस्तीस मिनिटांत दीक्षानं एकाच माणसाची नळी दोनदा मशीनला लावली.

साध्या मोजणीतून काही कळत नाही हे आता तिला पुरतं ठाऊक होतं, तरी ती दर रविवारी आईचं रक्त घ्यायची. सहा हजार आठशे. सात हजार शंभर. सातव्या रविवारी पद्माबाईंनी हात पदराखाली घेतला. "कोंबडीसारखं करून राहिलीस माझं. दर रविवारी अंडं कुठून देऊ?"

"मला चैन पडत नाही, आई."

"मला पडतंय का? पर मी तुला टोचते का?"

त्यानंतर रविवारचं रक्त बंद झालं. दीक्षा त्याऐवजी गोळ्या मोजायची. पौर्णिमा आल्या, अमावस्या आल्या. त्या रात्री आई पांढरी साडी नेसून विहारात जायची, आणि दीक्षा खोक्यातली पाकिटं पालथी-उताणी करून पाहायची की कुठे कात्री लागली आहे का. लागलेली नसायची. पण गोळी पोटात गेली म्हणजे खाचेत बसलीच असं नाही. अक्षर बदललं असेल, तर ती रोज नुसतीच येऊन परत जात असेल. हा विचार यायला वेळकाळ नव्हता; तो जिन्यात यायचा, सुई टोचताना यायचा, सिग्नलला यायचा.

जानेवारीच्या शेवटी नांदेडला रक्त दिलं. त्या सकाळी तिनं खोकं रिकामं करून मोजलं. चौऱ्याऐंशी दिवस झाले होते. सहा गोळ्या उरायला हव्या होत्या. सहा होत्या.

रिपोर्टला दहा दिवस लागतात. नवव्या दिवशी दुपारी मोंढ्याकडून कुणी हळदीचा हमाल लॅबमध्ये आला होता, बोटांच्या रेघांत पिवळा रंग मुरलेला. दीक्षानं त्याच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, आणि खिशातला फोन थरथरला. बारा वाजून गेले होते, मिस्ड कॉल येऊन गेला होता. हा दुसराच होता. तिनं आधी रक्त घेतलं, पट्टा सोडला, कापूस दाबायला दिला, नळीवर नाव लिहिलं. मग हात धुतले. मग फोन काढला. रिपोर्टची फाइल आली होती, दोन पानांची. पहिल्या पानावर नाव, वय, नमुना घेतल्याची तारीख.

"मॅडम, कापूस सोडू का?" हमालानं विचारलं.

"धरा अजून," दीक्षा म्हणाली आणि तिनं दुसरं पान उघडलं.

बीसीआर-एबीएल, आंतरराष्ट्रीय मापाप्रमाणे. मागील: ०.८६ टक्के. आत्ताचे: ०.०४ टक्के.